ताम्हणातलं दूध आणि गॅरेजमधला देवदूत

सहामाही परीक्षा संपली त्या संध्याकाळी लेकीने फर्मान काढलं, "बाबा, आज तुझ्या लहानपणीचं काहीतरी लाव." माझं लहानपण म्हणजे डायनासोर गेले आणि त्यानंतर लगेच जे आलं ते, असा एकूण सूर. ती अकरा वर्षांची आहे. या वयात बापाचं लहानपण म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातला, परीक्षेला न येणारा धडा.

मी 'द सिम्प्सन्स' लावलं. साताऱ्याला आमच्या घरी केबल आली तेव्हा स्टार वर्ल्डवर रात्री हे पिवळ्या कातडीचं कुटुंब दिसायचं. वडिलांना वाटायचं, पोरगं कार्टून बघतंय, बघू दे. त्यात काय चाललंय हे कळलं असतं तर केबलची वायर त्यांनी स्वतःच्या हाताने कापली असती. मला तरी कुठे सगळं कळायचं? अर्धे विनोद अमेरिकेच्या राजकारणावर, उरलेले न पाहिलेल्या सिनेमांवर. पण होमर सिम्प्सन मात्र पहिल्या दिवसापासून कळायचा. आळशी, खादाड, थापाड्या आणि तरीही बायकापोरांवर जीव टाकणारा माणूस समजायला इंग्रजी लागत नाही. आमच्या आळीत तसे तीन होते.

लावला तो नवव्या सीझनमधला भाग, 'लिसा द स्केप्टिक'. अमेरिकेत तो पहिल्यांदा दाखवला गेला २३ नोव्हेंबर १९९७ या रविवारी. तारीख मुद्दाम सांगतोय, पुढे कामाला येणार आहे. हा भाग म्हणजे श्रद्धा विरुद्ध विज्ञान, होमरची मुलगी लिसा बरोबर आणि गाव चूक, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. लेकीने मध्येच एक प्रश्न विचारला आणि ती समजूत जरा हलली.

भागाची सुरुवातच एका थापेने होते. होमरला पत्र येतं की तुम्हाला मोटरबोट बक्षीस लागली आहे, पोलीस ठाण्यात येऊन घेऊन जा. ठाण्यात बक्षीस? पण होमरला असले प्रश्न पडत नाहीत. तिथे जमलेल्या सगळ्यांनाच बोट लागलेली असते. अर्थात बोट वगैरे काही नसते, पार्किंगचे दंड थकवलेल्यांना पकडायला पोलिसांनी लावलेला तो सापळा असतो. लेक म्हणाली, "असं कुठे असतं का?" असतं. १५ डिसेंबर १९८५ ला अमेरिकेच्या मार्शल्सनी, म्हणजे तिकडच्या केंद्रीय पोलिसांनी, हुबेहूब हेच केलं होतं. एक खोटी टीव्ही कंपनी काढली, फरारी आरोपींना वॉशिंग्टनच्या फुटबॉल सामन्याची फुकट तिकिटं लागल्याची पत्रं पाठवली. १०१ जण नटूनथटून आले आणि आत गेल्यावर बेड्या पडल्या. स्वागताला एक जण कोंबडीचा पोशाख घालून उभा होता.

पंचवीस मिनिटांच्या कथेत पहिलं खोटं कायद्याने बोलायचं, ही मला लेखकाची हुशारी वाटते. देवदूत यायला अजून अवकाश आहे, पण गावाची रीत तेव्हाच कळून जाते: इथे चांगली बातमी आली की तिची पाकळी उलटून बघायची नसते.

परतताना रस्त्यात नव्या मॉलचं बांधकाम लागतं. जागा अशी, की तिथे पूर्वी जीवाश्म सापडलेले. आठ वर्षांची लिसा वकील घेऊन मॉलवाल्यांना गाठते: आधी उत्खनन करू द्या. मॉलचे लोक एकमेकांच्या कानाला लागतात आणि चटकन हो म्हणतात. फार चटकन. बिल्डर माणूस इतक्या सहज काम थांबवायला तयार झाला की आपल्याकडचं शेंबडं पोरही म्हणेल, दाल में कुछ काला है. लिसा म्हणत नाही. तिला हवं ते मिळालेलं असतं. गावातली सर्वांत चिकित्सक मुलगी, आणि तीही आपल्या सोयीची गोष्ट तपासून बघत नाही. पहिल्या वेळी हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. दहाव्या वेळीही सुटलंच होतं म्हणा.

शाळेतली मुलं कुदळ-फावडी घेऊन खणतात. दिवस मावळता मावळता लिसाला एक सांगाडा लागतो. माणसाचा. पाठीला पंख.

पुढचं सांगायला नको. गावचा परमभाविक नेड फ्लँडर्स सांगतो की हा देवदूत. गाव मान डोलावतं. सांगाडा कोणाचा यावर हुज्जत चालू असतानाच होमर तो गाडीवर बांधून घरी आणतो, गॅरेजमध्ये टांगतो आणि तिकीट लावतो. रांग लागते. होमरची देवदूतावर श्रद्धा आहे की नाही, हे शेवटपर्यंत कळत नाही आणि त्याला स्वतःलाही तो प्रश्न पडलेला दिसत नाही. या पात्राची ही नेमकी पकड आहे. आपल्याकडच्या विनोदात देवाच्या नावावर पैसे काढणारा म्हणजे हटकून लबाड भोंदू असतो, मिशीला पीळ देऊन हसणारा. होमर तसा नाही. तो फक्त रांग बघतो, आणि रांग दिसली की गल्ला मांडतो. जत्रेत नारळ विकणाऱ्याला देव मानतोस का असं कोण विचारतं?

लिसा हाडाचा एक तुकडा घेऊन शास्त्रज्ञाकडे जाते. आणि हा शास्त्रज्ञ खराखुरा आहे. हार्वर्डचे जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड, आवाजही त्यांचा स्वतःचा. १९७४ पासून 'नॅचरल हिस्टरी' मासिकात दर महिन्याला न चुकता लेख लिहून उत्क्रांती घराघरांत पोहोचवणारा हा माणूस. ते म्हणतात, तपासतो. मग एक दिवस धापा टाकत लिसाच्या दारात येतात. निष्कर्ष काय? तर काहीच नक्की सांगता येत नाही. मग इतके पळत का आलात? तर, जरा बाथरूम वापरू का?

लेक खो खो हसली. भागाच्या शेवटी, सगळा उलगडा झाल्यावर, लिसा त्यांना पुन्हा विचारते की त्या चाचणीत नेमकं काय निघालं होतं. ते सरळ सांगतात की खोटं बोलत नाही, मी चाचणी केलीच नव्हती.

यावर ती हसली नाही. तिने रिमोट घेऊन थांबवलं. "म्हणजे? त्याने तपासलंच नाही? मग तो आणि ते गाववाले सारखेच की."

मी म्हटलं, विनोद आहे गं.

"पण सगळ्यांत मोठं खोटं त्यानेच बोललंय. बाकीच्यांना खरं वाटत होतं तरी."

खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा भाग लिहिणारा डेव्हिड एक्स. कोहेन हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकलेला, पुढे बर्कलीला संगणकशास्त्रात मास्टर्स केलेला. देवळाच्या पायरीवर बसलेल्या माणसाने पुजाऱ्याची टिंगल करणं सोपं असतं. याने प्रयोगशाळेच्या आत बसून शास्त्रज्ञाला चिमटा काढलाय. आणि गूल्डनी तो स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या नावावर घेतला. त्यांची निवड मला योगायोग वाटत नाही, कारण जमिनीतून खणून काढलेल्या खोट्या चमत्कारावर या माणसाने आधीच लिहिलं होतं.

ती गोष्ट सिम्प्सन्सपेक्षा भारी आहे, म्हणून जरा थांबतो.

१८६६ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनचा जॉर्ज हल नावाचा तंबाखूचा व्यापारी आयोवाला गेला होता. तिथे एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाशी त्याचं वाजलं. बायबलमध्ये 'त्या काळी पृथ्वीवर राक्षस होते' असं म्हटलंय, ते शब्दशः खरं मानायचं का, यावरून. हल पक्का नास्तिक. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या मनात आलं की यांना राक्षस हवाच आहे ना, देऊ या. त्याने आयोवातल्या फोर्ट डॉज इथून जिप्समचा प्रचंड ठोकळा उचलला, शिकागोला नेऊन कारागिरांकडून त्यातून दहा फुटांवर उंचीचा माणूस कोरून घेतला. तो जुना दिसावा म्हणून आम्लं लावली. अंगावर त्वचेची रंध्रं हवीत म्हणून फळीला रफू करायच्या सुया ठोकून ती पाठपोट आपटली! मग न्यूयॉर्क राज्यातल्या कार्डिफ गावी विल्यम नेवेल या नातेवाइकाच्या शेतात पुरून ठेवला आणि गप्प बसला. जवळजवळ वर्षभर. हे गप्प बसणं मला फार थोर वाटतं. आपल्याकडे चार दिवस कोणाला दम निघत नाही.

१६ ऑक्टोबर १८६९. नेवेलने विहीर खणायला माणसं लावली आणि नेमक्या जागी लावली. फावडं खणकन वाजलं. दोन दिवसांत तंबू, तंबूत राक्षस, दाराशी नेवेल, तिकीट पंचवीस सेंट. गर्दी बघून पन्नास. धर्मोपदेशक म्हणाले, बघा, सांगत नव्हतो? काही विद्वान म्हणाले, छे, हा प्राचीन पुतळा आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचं तेच पाहिलं. येलचे जीवाश्मशास्त्रज्ञ ओथनील मार्श यांनी मात्र जाऊन नीट पाहिला आणि थोतांड म्हणून मोकळे झाले. जिप्सम पाण्यात विरघळतं, ओल्या जमिनीत युगानुयुगं पडून राहिलं असतं तर त्यावर छिन्नीच्या खुणा इतक्या ताज्या राहिल्या नसत्या.

तोवर हलने आपला हिस्सा एका व्यापारी मंडळाला तेवीस हजार डॉलरना विकलेला होता. सर्कसवाला बार्नम भाड्याने मागायला आला, दिला नाही, तर त्याने सरळ दुसरा राक्षस बनवून घेतला आणि जाहीर केलं की माझाच खरा. खोट्याची नक्कल! डिसेंबरात हलने वर्तमानपत्रवाल्यांना सगळं सांगून टाकलं. तरी लोक यायचे थांबले नाहीत. आता तो राक्षस न्यूयॉर्क राज्यातल्याच कूपर्सटाउनच्या शेतकरी संग्रहालयात आडवा पडलाय आणि लोक तिकीट काढून त्याला बघतात, खोटा आहे हे पाटीवर वाचून.

गूल्डनी १९८९ साली आपल्या स्तंभात या राक्षसावर लिहिलं होतं. आठ वर्षांनी तेच कार्टूनमध्ये दारात धापा टाकत उभे. ज्याने दीडशे वर्षांपूर्वी उघड झालेल्या थोतांडाचा एवढा खोल अभ्यास केला, तो समोर आलेल्या हाडाची साधी चाचणी करत नाही. हे माहीत असलं की हा विनोद दुप्पट बोचतो.

बरं, कार्डिफची गोष्ट लेकीला सांगितली तर तिचा पहिला प्रश्न: "म्हणजे खोटं बोलला तो देव न मानणारा?" हो. आणि विकत घेणारे? व्यापारी. आणि फसले ते? तंबूत पन्नास सेंट देऊन आलेले. त्यातल्या काहींनी तर येताना म्हाताऱ्या आईला खांद्यावर बसवून आणलं असेल. असेल म्हणतोय, मला माहीत नाही, पण आपल्याकडच्या जत्रा बघून वाटतं.

तिकडे सिम्प्सन्सच्या गावी, स्प्रिंगफील्डमध्ये, लिसा टीव्हीवर जाऊन सांगते की हे देवदूत वगैरे काही नाही. नेड फ्लँडर्स म्हणतो, विज्ञान म्हणजे सिनेमाचा शेवट आधीच सांगून टाकणारा बडबड्या. काही गोष्टी आम्हाला माहीत करून घ्यायच्याच नाहीत. आणि गाव पेटतं. संग्रहालय फोडतात, प्रयोगशाळा फोडतात. ख्रिश्चन सायन्स वाचनालयावरही चाल करून जातात. हा विनोद आपल्याकडे पोहोचत नाही, म्हणून सांगतो: ख्रिश्चन सायन्स हा धर्मपंथच आहे, मेरी बेकर एडी यांनी १८७९ मध्ये बॉस्टनला स्थापन केलेला, औषधापेक्षा प्रार्थनेवर भिस्त ठेवणारा. पण पाटीवर 'सायन्स' लिहिलंय ना, फोडा. संग्रहालयात दारूवाला मो मॅमथचा सांगाडा तोडायला जातो, सुळा त्याच्या पाठीत पडतो, आणि लुळा पडलेला मो म्हणतो, वैद्यकशास्त्राने मला बरं करावं म्हणजे झालं.

हे बघताना आम्ही दोघं हसलो, पण माझं हसू जरा अर्ध्यावर राहिलं. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या तेव्हा मी त्याच रस्त्याने कामाला जायचो. पोलिसांच्या फिती लावलेल्या पुलाकडे बघत रिक्षावाला म्हणाला होता, "मास्तरासारखा माणूस होता हो." दाभोलकर आयुष्यभर सांगत राहिले की आमचा विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावावर फसवण्याला आहे. अठरा वर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर चार दिवसांत वटहुकूम म्हणून आला. कार्टूनमधला जमाव दुसऱ्या आठवड्याच्या भागात पुन्हा शहाणा होतो. तेवढीच ती सोय.

यापुढे त्यावर बोलत नाही. लेकीलाही त्या दिवशी सांगितलं नाही.

गॅरेजमधला देवदूत एका रात्री गायब होतो, आळ लिसावर येतो, खटला उभा राहतो. तेवढ्यात देवदूत टेकडीवर सापडतो, पायथ्याशी अक्षरं: सूर्यास्ताला अंत होईल. न्यायाधीश खटला गुंडाळतात आणि जाता जाता निकाल देतात की धर्माने विज्ञानापासून कायम पाचशे यार्ड लांब राहावं. म्हणजे साडेचारशे मीटरच्या वर. गंमत अशी, की त्याच वर्षी मार्चमध्ये गूल्डनी एक लेख लिहून जवळपास हेच सुचवलं होतं, गंभीरपणे: जग कसं चालतं ते विज्ञानाने सांगावं, कसं वागावं ते धर्माने, आणि दोघांनी एकमेकांच्या हद्दीत शिरू नये. न्यायाधीशाने त्या हद्दीला फक्त टेप लावून माप दिलं. मला हा विचार कधीच पटलेला नाही. आमची शाळा आणि मारुतीचं देऊळ यांच्यात एकच भिंत होती. भूमितीच्या तासाला आरतीची घंटा वाजायची आणि सर खडू खाली ठेवून नमस्कार करून पुढचं प्रमेय घ्यायचे. साडेचारशे मीटर कुठून आणायचे?

संध्याकाळी गाव टेकडीवर जमतं. अंत होणार म्हणून माणसं काय करतात, तर काही जण खरं बोलतात. म्हाताऱ्या कारखानदार बर्न्सवर वर्षानुवर्षं मुका जीव टाकणारा त्याचा सेवक स्मिथर्स सूर्य बुडताना धीर करून त्याचा मुका घेतो. सूर्य बुडतो. काहीच होत नाही. स्मिथर्स घाईने म्हणतो, आदरापोटी घेतला होता, साहेब. सगळ्या भागात एवढा एकच क्षण माणूस निखळ खरं वागला असेल, आणि तो एका खोट्यामुळे. पुढच्या वाक्याला पुन्हा मुखवटा.

मग देवदूत बोलायला लागतो. अंताला तयार व्हा... चढ्या किमतींच्या अंताला! दिवे लागतात, मागे नवाकोरा मॉल. सांगाडा मॉलवाल्यांनीच पुरला होता, जाहिरातीसाठी. लिसा चिडून लोकांना सांगते की अरे, यांनी तुमच्या श्रद्धेचा बाजार मांडला. लोक क्षणभर ऐकतात आणि खरेदीला पळतात. आता ती तारीख आठवा. २३ नोव्हेंबर. चार दिवसांनी थँक्सगिव्हिंगचा सण, आणि दुसऱ्या दिवसापासून अमेरिकेत वर्षातली सर्वांत मोठी खरेदीची झुंबड. हा भाग बघून उठलेली अर्धी अमेरिका त्याच आठवड्यात पहाटे मॉलच्या रांगेत उभी राहणार होती.

तर, "ते गाववाले सारखेच की" या वाक्याकडे येतो. लेकीने रिमोट ठेवला तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगितली, जी तीस वर्षांत कोणाला सांगितली नव्हती.

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. मी तिच्याच वयाचा होतो. गणपती गावाला जाऊन पंधरवडा झाला नव्हता, पितृपक्ष चालू होता. सकाळी शेजारच्या काकूंकडे दिल्लीहून फोन आला की गणपती दूध पितोय. दहा वाजेपर्यंत अख्ख्या साताऱ्याला माहीत. देवळापुढे पार रस्त्याच्या टोकापर्यंत रांग. आजीचे गुडघे धरलेले, तिला रांगेत उभं राहवेना. ती म्हणाली, "देव काय, देवळातलाच असतो होय? आपल्या घरचा का नाही प्यायचा?" या युक्तिवादात खोट काढायला मी अजूनही धजावत नाही.

देवघरातला वीतभर पितळी गणपती तिने ताम्हणात ठेवला. तिचा हात थरथरायचा, म्हणून चमचा माझ्या हातात दिला. आचमनाचा छोटा चमचा, काठोकाठ भरलेला. मी तो सोंडेच्या टोकाला टेकवला, जरासा कलता. दुधाचा काठ फुगल्यासारखा झाला, सोंडेला चिकटला, आणि चमच्यातलं दूध कमी व्हायला लागलं. खरंच कमी व्हायला लागलं! माझ्या पोटात गोळा आला. मग मी खाली पाहिलं. सोंडेवरून पोटावर, पोटावरून पायाशी, केसाएवढी पांढरी रेघ. पितळेवर ती दिसतही नव्हती, पण गणपतीच्या पायाशी सकाळचं कुंकू होतं, तिथे ती गुलाबी झाली होती.

आजीला मोतीबिंदू होता. तिने विचारलं, "प्यायला का रे?"

मी म्हणालो, "हो आजी. सगळं प्यायला."

तिने हात जोडले. तिचे डोळे भरलेले मी पाहिले आणि मग मला खरं सांगता येईना. पुढच्या तासाभरात वाड्यातल्या सगळ्या बायका आल्या. याच्या हातून देव पितो म्हणे. मी चमचा भरायचो, टेकवायचो, आणि प्रत्येकीला सांगायचो, प्यायला. एकीने माझ्या हातावर पाच रुपये ठेवले. मी घेतले. त्याची दोन चिंचेची पाकिटं आणि एक रबरी चेंडू आला, हे आजही आठवतं. गॅरेज नव्हतं एवढंच.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी पेपर वाचून दाखवला. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून मूर्तीला पाजलं, तर तो रंग मूर्तीवरून ओघळताना दिसला. दूध पृष्ठताणामुळे मूर्तीला चिकटतं आणि पातळ थराने खाली उतरतं. वडील शिक्षक, त्यांनी लगेच ग्लास आणि काडी घेऊन दाखवायला सुरुवात केली. आजी कणीक मळत म्हणाली, "असेल."

मी काही बोललो नाही. मला तर रंग घालायचीही गरज नव्हती. मी पाहिलं होतं. गूल्डनी चाचणी केली नाही. मी केली होती, आणि निकाल दाबून ठेवला.

लेक थोडा वेळ गप्प होती. टीव्हीवर थांबवलेलं दृश्य तसंच होतं. मॉलचे दिवे, आणि कडेला लिसा आईजवळ उभी. देवदूत बोलायला लागला तेव्हा लिसाने घाबरून आईचा हात घट्ट धरला होता. आई ते तिला हळूच आठवण करून देते. लिसा म्हणते, आवाज फार मोठा होता, म्हणून. आणि मग म्हणते, तूही धरून ठेवलास, त्याबद्दल थँक्यू.

"पणजीला कधीच कळलं नाही?" लेकीने विचारलं.

"नाही. ती जाईपर्यंत सगळ्यांना सांगायची, माझ्या नातवाच्या हातून प्यायला म्हणून."

"पण बाबा, ते सगळं दूध खालच्या ताटलीत जमलं असेल ना?"

"ताम्हण म्हणतात त्याला."

"हां, ते. मग ते कोणी घासलं?"

देवाची उपकरणी आमच्याकडे आजीच घासायची. चिंच लावून, मोरीत पाटावर बसून, रोज संध्याकाळी. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही, आईलासुद्धा नाही. वाड्यातल्या दहा-बारा बायकांचे चमचे म्हणजे दोन वाट्या दूध झालं असेल, थोडं गुलाबी. मोतीबिंदू असला तरी हाताला लागलंच असणार.

ते तिने कुठे ओतलं ते मी पाहिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, पेपर वाचून व्हायच्या आधी, वडील अंगणातून ओरडले होते, "आई, तुळशीला एवढ्या मुंग्या कशा लागल्या?"

आजी हळदीचा डबा घेऊन बाहेर गेली. "लागल्या असतील," म्हणाली.